मऊ वस्तू

“बाई, हे बघा किती मऊ,” म्हणत उमा दोन्ही मुठी पुढे करून धावत आली, आणि मालिनीबाईंनी तिची मनगटं धरून मुठी उघडायला लावल्या. मुठींत खाजकुइलीच्या शेंगा होत्या, सोनेरी लव असलेल्या. एक तर पोरीने कौतुकाने गालावरूनही फिरवली होती.

बालवाडीची मुलं पालेगावच्या मागच्या जंगलात आणायची हौस बाईंचीच. तक्त्यावरचं झाड मुलांना पाठ होतं, खऱ्या झाडाला कोणी हात लावला नव्हता. म्हणून आजचा खेळ: एक खरखरीत वस्तू शोधून आणायची, एक मऊ. खाजकुइलीचा वेल बाईंना येतानाच दिसला होता. मुलांना सांगायला त्या थांबल्याही होत्या. तेवढ्यात बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे शरदचंद्र काका कॅमेरा घेऊन आले आणि बाई पदर सावरून फोटोला उभ्या राहिल्या. वेल राहूनच गेला.

उमा आधी हसत होती, मग गाल ओरबाडायला लागली. बाईंनी उतारा म्हणून गावातल्या गोठ्यातलं शेण आणून चोळलं, धुतलं. तरी अंबरनाथला घरी पोचेपर्यंत तिचा चेहरा टम्म सुजला.

“हिला सवयच हाय,” तिची आई चांगुणा म्हणाली. “दिसेल त्याला हात लावते.”

“बाईंनीच सांगितलं मऊ आणायला.”

“बाईंवर ढकलते?” चांगुणाने पाठीत धपाटा घातला.

शरदचंद्र काका शेजारीच उभे होते. “असू द्या, लहान आहे,” एवढंच मालिनीबाई म्हणाल्या. परतताना त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

आठवडाभराने त्या एकट्याच चांगुणाकडे गेल्या. “तिची चूक नव्हती हो. मीच सांगितलं होतं. वेलही मला दिसला होता.”

“जाऊ द्या ना बाई. एक बरं झालं, आता कशालाच हात लावत नाय. एकदम सुधारली.”

संक्रांतीनंतर मुलं पुन्हा जंगलात गेली. या वेळी बाईंनी आधी वेल दाखवला, नाव पाठ करून घेतलं. पुढे वाटेत होल्याचं पीस पडलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या गालावरून फिरवलं आणि उमापुढे धरलं.

“हे खरंच मऊ आहे गं. घे.”

बाकीची पोरं हात पुढे करून झोंबत होती. उमाने वाकून पीस नीट पाहिलं. तिचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले होते.

“दिसतंय, बाई,” ती म्हणाली.