कोबिलाचा उतार

"ही शिंगं कुणी काढली इथे?" यारीनाने विचारलं.

काउंटरमागच्या मुलीने मान वर केली. "कुठली शिंगं?"

"फोटोत. माझ्या बाबांच्या छातीवर."

हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत मिरोन ओस्तापोविच लटकत होते. पंचविशीतले, पायांत स्की, गुडघे मोडून वळणात झुकलेले, तोंडावर बर्फाचा फवारा. हाच फोटो घरी कपाटावर होता, तळहाताएवढा. त्यात छातीवर सोव्हिएत संघाची अक्षरं होती. इथे ती सफाईने पुसून त्या जागी हरणाची शिंगं बसवली होती, हॉटेलच्या टॉवेलांवर असतात तीच. फोटोखाली मेजावर वोडकाचा पेला आणि पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा. तसाच पेला बाबा गेल्यापासून आईने घरी खिडकीत ठेवला होता. फरक एवढाच, की इथल्या पेल्यावरही शिंगं होती.

"यारिन्का!" झेनोन हात पसरून जिन्यावरून खाली आला. हॉटेल त्याचं होतं, रोपवे त्याचा होता, आणि एके काळी तो बाबांचा विद्यार्थी होता. "कसं वाटलं? कीव्हचा माणूस बोलावून करून घेतलं."

"बाबांनी तुझ्या हॉटेलचा शर्ट कधी घातला रे?"

"अगं, मग ती जुनी अक्षरं ठेवू भिंतीवर? आजच्या दिवसांत? लोक दगड मारतील मला."

"छाती रिकामी ठेवायची."

"रिकामं बरं दिसत नाही." त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, उद्या त्यांना जाऊन चाळीस दिवस, चाळिसावा. सकाळी शर्यत, मग फलकाचं अनावरण, मग सगळ्या गावाला जेवण, माझ्याकडून. टीव्हीवाले येतायत. कापड तू आणि तुझ्या आईने, स्तेफानियाकाकूंनी, ओढायचं. उद्यापासून उताराचं नाव मिरोन. आहे की नाही?"

"उताराला नाव आहे."

"कोबिला?" तो हसला. "पाहुण्यांना काय सांगू, घोडीवर चढा म्हणून?"

यारीना हसली नाही. "बाबांच्या क्रीडाशाळेतल्या मुलांना रोपवे दे. सकाळी, तुझे पाहुणे झोपेत असतात तेव्हा. मग ओढते कापड."

"विमा आहे, यारिन्का. हंगाम संपू दे. बसू, बोलू."

"बाबांनाही हेच सांगितलं होतंस."

"त्यांनी कधी तक्रार केली नाही हं. एकदाही नाही."

हे खरं होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता.

फोटोखाली 'महान विजेता' असं लिहिलं होतं. मिरोन कधीच विजेते नव्हते. संघराज्याच्या स्पर्धेत एकदा दुसरे, एरवी चौथे-पाचवे. मॉस्कोत निवडलेल्या संघात ह्या डोंगरांतले ते एकटे. ज्या हिवाळ्यात त्यांचं सगळं जुळून आलं, त्याच हिवाळ्यात, ऑलिंपिकला जायच्या बॅगा भरून झाल्यावर, त्यांना एका खोलीत बोलावून कॅनडातल्या मामाबद्दल विचारलं गेलं. त्या मामाला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण परदेशी नातेवाईक असलेल्याला देशाबाहेर सोडत नसत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, की गुडघा दुखावल्यामुळे त्यांनी माघार घेतली. पुढे आयुष्यभर गावातली माणसं चौकशी करत राहिली, "गुडघा कसाय, मिरोन?" ते म्हणत, "दुखतो ना. परदेशाचं नाव काढलं की." सगळे हसत. लहानपणी यारीनाला तो खरंच दुखतो असं वाटायचं. झोपण्याआधी ती त्या धडधाकट गुडघ्यावर फुंकर घालायची आणि ते घालू द्यायचे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांचं शर्यतीचं वय सरलं होतं. परदेशातल्या पहिल्या स्पर्धेला ते कोच म्हणून गेले. संघाचा गणवेश म्हणजे आईने मुलांच्या टोप्यांवर शिवून दिलेली निळी-पिवळी फीत. बसमध्येच झोपले, बसमध्येच पाव आणि खारवलेली चरबी खाल्ली. परतल्यावर कुणी विचारलं, कसं होतं ऑस्ट्रिया, तर म्हणाले, "बर्फ चांगला होता."

माणूस गोड नव्हता. मुलांवर ओरडायचे, शाबासकी द्यायला तर जणू विसरूनच गेले होते. यारीना पंधरा वर्षांची असताना त्यांनी तिला सगळ्यांसमोर संघातून काढलं. "तू वळणाआधी विचार करतेस. पुस्तकं वाच, तिथे विचार चालतो." ती कित्येक आठवडे त्यांच्याशी बोलली नाही. मग तिने पुस्तकं वाचली, आणि आता ती ल्विव्हमध्ये पुस्तकंच छापत होती.

नवा बर्फ पडला, की सगळी शाळा कोबिलाच्या पायथ्याशी एका रांगेत उभी राहायची आणि आडव्या पावलांनी, स्कीने बर्फ दाबत दाबत, माथ्यापर्यंत चढायची. यंत्रं नव्हती, मुलं होती. झेनोनही त्या रांगेत असायचा. मग झेनोन मोठा झाला. त्याने उतार भाड्याने घेतला, रोपवे बांधला, आणि क्रीडाशाळेची मुलं विम्यात बसत नाहीत असं कळवलं. त्यानंतर चार हिवाळे मिरोन मुलांना घेऊन जंगलाच्या कडेने पायी चढत होते. खांद्यावर स्की, जेवणाच्या सुट्टीपर्यंत जेमतेम दोनदा उतरणं व्हायचं. शाळेचा दुसरा कोच युद्धाच्या आघाडीवर गेला, तेव्हा वळणांच्या काठ्यांची मोळीही ते एकटेच वाहू लागले. जानेवारीत त्या मोळीसकट ते बर्फात खाली बसले. मुलांना वाटलं, बूट आवळतायत. गावात वीज नव्हती, पण हॉटेलचा जनरेटर चालू होता, आणि त्यांच्या डोक्यावरून रोपवेच्या रिकाम्या खुर्च्या एकामागून एक वर चालल्या होत्या.

घरी आई बोर्श सुपासाठी बीट किसत होती. यारीनाने भिंतीवरच्या फोटोबद्दल सांगितलं.

"चांगला मोठा केलाय म्हणे," आई म्हणाली.

"आई, छातीवर शिंगं काढलीयत त्याने!"

"आणि आधी काय होतं? ती तरी आपली अक्षरं होती का?"

"तू उद्या कापड ओढणार आहेस?"

"ओढणार. डोंगरावर नाव लागतंय त्यांचं. तुला काय खुपतंय?"

"त्याच डोंगरावर मेले ते."

"म्हणूनच." आईने किसणी खाली ठेवली. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. "सगळा जन्म गेला, पेपरात छापून काय आलं, तर गुडघा. ह्या वेळी नाव येईल. मला बघायचंय ते. एवढं तरी बघू दे मला."

तिने कोट चढवला आणि ती कोचांच्या बैठकीला निघाली. शाळेत आता कोचच उरला नव्हता, म्हणून बाबांच्या खुर्चीत तिला बसायचं होतं.

बैठक हॉटेलच्या भोजनगृहात होती. आजूबाजूच्या खोऱ्यांतले पाच-सहा कोच, सगळे मिरोनच्या ओळखीचे. मधोमध ल्युबोमिरकाका. चाळीस वर्षांपासूनचे बाबांचे मित्र, शर्यतीचे प्रमुख पंच. उद्याच्या क्रमांकांच्या अर्ध्या चिठ्ठ्या निघाल्या. बर्फ किती घट्ट आहे, तो आणखी घट्ट करायला मीठ टाकायचं की नाही, ह्यावर वाद झाला. मग झेनोनने उठून मिरोन ओस्तापोविच आपल्याला बापासारखे कसे होते ते सांगितलं आणि घसा खाकरला.

"काही शंका?" ल्युबोमिरकाकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

यारीना उभी राहिली. "उद्या आमच्या शाळेची मुलं रोपवेने वर जाणार. परवा?"

चमचे वाजायचे थांबले.

"परवाचं परवा," झेनोन म्हणाला. "आज तरी नको ना, यारिन्का."

"मी तुला नाही विचारत. ह्यांना विचारतेय. तुम्ही सगळे जर त्याला म्हणालात, की ह्या मुलांना वर नेत नाहीस तर आमची मुलं शर्यतीत धावणार नाहीत, तर त्याला उद्या फलक कुणासमोर उघडायचा हा प्रश्न पडेल. एवढंच करायचंय. कुणाला काही उचलून न्यायचं नाहीये."

एकाने खिडकीबाहेर पाहिलं. दुसरा म्हणाला, "बाई, आम्ही इथे पाहुणे आहोत हो," आणि कॉफीत साखर घातली. आधी घातलेली होती.

"हा मुद्दा शर्यतीचा नाही, यारीना," ल्युबोमिरकाका म्हणाले. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"मग कशाचा आहे, काका? आम्ही त्यांना खांद्यावरून दफनभूमीत नेलं तेव्हा पुढचा खांदा तुमचा होता."

ल्युबोमिरकाकांनी पुढची चिठ्ठी उलगडली आणि क्रमांक वाचला.

शाळेची मुलं बाहेर ओट्यावर तिची वाट बघत बसली होती. सूर्यफुलाच्या बिया फोडून सालं बर्फात थुंकत होती. यारीना त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आपण उद्या धावायचं नाही."

"का?" नस्तुन्याने विचारलं. चौदा वर्षांची, शाळेतली सगळ्यात वेगवान आणि तोंडाने त्याहून वेगवान.

"ही शर्यत तुमच्या कोचच्या नावाने चाललीय, आणि ज्याच्यामुळे—"

"माहितीय आम्हाला. आम्ही होतो तिथे." नस्तुन्याने हातातल्या बिया खिशात टाकल्या. "पण राग तुम्हाला आलाय. धावायचं आम्हाला आहे. चार वर्षांत नीट आखलेल्या शर्यतीत एकदा उतरायला मिळतंय."

"मिरोन ओस्तापोविच असते तर काय म्हणाले असते?" यारीनाने विचारलं. विचारलं ते खोडून काढायच्या इराद्याने.

"'बूट आवळा, गाढवांनो,'" एक मुलगा हुबेहूब त्यांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. सगळी हसली. मग त्यांचं हसू मधेच थांबलं आणि कुणीतरी नाक ओढलं.

"धावू," नस्तुन्या म्हणाली. "फक्त त्याच्या खुर्चीत नाही बसायचं. रोज कसं जातो? तसंच जाऊ."

सकाळी आकाश निरभ्र होतं. चर्चमधली प्रार्थना लवकर उरकली होती. अंतिम रेषेजवळ पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत आई बसली होती, मांडीवर हॉटेलचं पांघरूण. तिच्या बाजूला पांढऱ्या कापडाखाली फलक.

मुलं खांद्यावर स्की घेऊन रोपवेच्या रांगेसमोरून सरळ पुढे चालू लागली, तसा झेनोन धावत आला. कॅमेरावालाही वळला.

"काय तमाशा लावलाय? अरे बसा की! आज फुकट आहे!"

"आम्ही विम्यात बसत नाही, काका," नस्तुन्या म्हणाली आणि चालत राहिली.

यारीना सगळ्यात मागे होती. डोक्यावरून दुसऱ्या शाळांची मुलं खुर्च्यांतून पाय हलवत चालली होती. वरून एकजण ओरडला, "ए, कासवं!" त्याच्या शेजारच्याने त्याला काहीतरी सांगितलं असावं. पाय हलायचे थांबले. बाबा जिथे बसले होते, त्या जागी कुणी थांबलं नाही. नस्तुन्याने फक्त वाट जराशी बाजूने काढली आणि सगळी मुलं तिच्या पावलांत पावलं टाकत तिथून पुढे गेली.

माथ्यावर ल्युबोमिरकाका उभे होते. मुलं धापा टाकत आवरायला लागली, तसे ते यारीनाजवळ आले.

"माझीपण मुलं आहेत गं. उद्या माझ्या शाळेला ह्याने रोपवे बंद केला तर मी कुठे जाऊ?"

"माहितीय, काका."

"शिव्या तरी दे."

"त्याने तुमचं फावेल." ती उताराकडे बघत होती. लाल आणि निळ्या काठ्या एकाआड एक खाली गेल्या होत्या. "काठ्या कुणी लावल्या?"

"मी. पहाटे," काका म्हणाले. "मिरोनसारख्या लावायचा प्रयत्न केलाय. जमलंय की नाही, कुणास ठाऊक."

खाली बँड वाजला. यारीनाने पाहिलं. एवढ्या उंचीवरून माणसं मोहरीएवढी दिसत होती, पण आईचा हिरवा रुमाल तिला ओळखू आला. झेनोन तिच्यापुढे दोरी धरून उभा असणार. हिरवा ठिपका उठला. बराच वेळ होता तिथेच राहिला. मग फलकाकडे न जाता खुर्च्यांच्या रांगेतून बाहेर पडला आणि अंतिम रेषेच्या कुंपणाशी, मुलं येऊन थांबतात तिथे, जाऊन उभा राहिला. कापड झेनोननेच ओढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात. हातमोज्यांमुळे आवाज वर आला नाही.

मग शर्यत सुरू झाली. आपला क्रमांक आला, की एकेक मूल अंगावरचा जाड कोट काढायचं, न बघता मागे यारीनाच्या हातात कोंबायचं आणि शर्यतीच्या पातळ पोशाखात कुडकुडत सुरुवातीच्या दाराशी जायचं. नस्तुन्याने हातातल्या दोन्ही काठ्या रोवल्या, एकदा खाली पाहिलं आणि स्वतःला फेकलं. पहिल्या वळणापर्यंत ती दिसली. पुढे उतार बाक घेतो. खाली पुन्हा दिसतो तो नुसता ठिपका, माथ्यावरून निकाल कळत नाही.

शेवटचं मूल गेल्यावर यारीना एकटीच उरली. हनुवटीपर्यंत कोटांचा ढीग. लहानपणी तीही असाच कोट मागे टाकून द्यायची, आणि खाली पोचून श्वास घेते न घेते तोवर तो तिच्या खांद्यांवर असायचा. तो कोण आणायचं, कसा आणायचं, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"ताई, खुर्चीतून जा खाली," रोपवेवाला ओरडला. "एवढं घेऊन कशा उतरणार?"

तिने नकारार्थी मान हलवली. कोटांमध्ये अजून मुलांच्या अंगाची ऊब होती, घामाचा आणि बियांचा वास होता. ती ऊब निघून जायच्या आत पोचायला हवं होतं. पुढचं काही दिसत नव्हतं. तिने टाच बर्फात घट्ट रोवली आणि जंगलाच्या कडेने उतरायला सुरुवात केली.