भय्यासाहेबांचं लॉगिन

“सहा आकडे आहेत, साहेब. तीस सेकंदांत टाकायचे.”

“अरे, चष्मा तर चढवू दे भई! आठ, चार, शून्य... हे घे, बदलले पुन्हा! काय तमाशा आहे हा?”

“सुरक्षा आहे, साहेब,” अरविंद अदबीनं म्हणाला. इतकी अदब, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आता पाया पडतो.

पलंगावर उशांच्या ढिगात भय्यासाहेब कारखानीस बसले होते. राम घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून त्यांचा खुबा मोडला, त्याला आठवडा झाला होता. पाण्याचे पंप विकणाऱ्या एका कंपनीच्या माधव नगर ऑफिसचे ते बावीस वर्षांचे मॅनेजर. आवाज असा, की ऑफिसात शिंकले तर घाटावरची कबुतरं उडायची आणि देवास गाव येईपर्यंत खाली उतरायची नाहीत. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

अरविंद त्याच ऑफिसातला कॉम्प्युटरवाला. साहेबांच्या घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत एक बंद वाट काढायची, तिच्यातून फक्त साहेब जातील, मधे कुणाला डोकावता येणार नाही, असा कंपनीच्या मालकांचा, इंदूरच्या सेठजींचा हुकूम होता.

हीच वाट तीन वर्षांपूर्वी अरविंदनं स्वतःसाठी मागितली होती. वडील, आप्पा, अंथरुणाला खिळलेले, घरात दुसरं कुणी नाही. पंधरा दिवस घरून काम करू द्या, म्हणून त्यानं सगळी व्यवस्था कागदावर आखून दाखवली. भय्यासाहेबांनी तो अर्ज भर ऑफिसात मोठ्यानं वाचला.

“घरून काम नाही होत भई, घरून झोप होते! आणि ऑफिसची दारं काय आता एकेकाच्या बेडरूममध्ये उघडायची?”

सगळे हसले. नवव्या दिवशी दुपारी अरविंद ऑफिसात डबा उघडून बसला होता, तेव्हा आप्पा पलंग आणि न्हाणीघर यांच्या मधे पडले. एकटेच गेले. तेरावा आटोपून अरविंद मुकाट्यानं कामावर आला. राग मात्र त्यानं सर्व्हरसारखा ठेवला: थंड खोलीत, कुलूप लावून, चोवीस तास चालू.

आता त्यानं नियम लावले. मनचा एकही नाही. पुस्तकातलेच, पण झाडून सगळे. दहा मिनिटं हात हलला नाही की कुलूप. पुन्हा पासवर्ड, पुन्हा सहा आकडे. लॅपटॉपवरचा पत्त्यांचा खेळ नियमात बसत नव्हता. तो काढला, तेव्हा साहेबांचा चेहरा खुबा मोडल्यासारखा झाला.

“अरे, तो तरी राहू दे ना यार!”

“माझ्या हातात नाही, साहेब. दार थेट बेडरूममध्ये उघडतंय ना.”

भय्यासाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. आठवलं की नाही, कळलं नाही, कारण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तासाभरात तो चौदा वेळा वाजला. बडनगरचा दुकानदार, तरान्याचा दुकानदार, महिदपूरचा एक मेकॅनिक. साहेब पडल्या पडल्या कुणाला शिव्या देत, कुणाची अडकलेली मोटर नुसत्या आवाजावरून ओळखत. निम्मी विक्री त्या फोनवर चालायची. अरविंदनं ते सगळं ऐकलं.

कंपनीभरात आता घरून काम करणारे पाच जण होते; त्यांची नोंद, म्हणजे लॉग, दर शनिवारी सेठजींकडे जायची. कोण कधी आत आलं, काय उघडलं, किती वेळ बसलं. भय्यासाहेबांच्या नावापुढे रोज तेच: साडेदहाला आत, हजेरीचा तक्ता उघडला, अकरा मिनिटांत बाहेर. बस.

सहाव्या शनिवारी सेठजींचा फोन आला.

“अरविंद बाबू, भय्याजी का दिनभर में बस इतना ही काम?”

अरविंदच्या जिभेवर बडनगर, तराना, महिदपूर रांगेनं येऊन उभे राहिले. त्यानं त्यांना तिथेच उभं ठेवलं.

“लॉग में तो इतना ही है, सेठजी.”

एक अक्षर खोटं नव्हतं. पंधरवड्यात इंदूरहून शाल-श्रीफळ आलं, ‘अब आराम कीजिए’ असा निरोप आला आणि रुचिर नावाचा नवा मॅनेजर आला. साहेबांचं खातं अरविंदनं स्वतःच्या बोटानं बंद केलं. त्या दिवशी त्यानं ऑफिसभर जिलेबी वाटली. कशाची, म्हणून विचारलं तर म्हणाला, “आप्पांची.”

दुसऱ्या दिवशी साडेदहाला पडद्यावर ओळ उमटली: कारखानीस. प्रवेश नाकारला. मिनिटभरानं पुन्हा. मग तिसऱ्यांदा. मग शांत.

अरविंद खुशीत ओरडला, “मृण्मयी, इकडे ये, तमाशा बघ!”

शेजारच्या टेबलावरची मृण्मयी उठून आली. “विसरले असतील रे, बंद झालंय ते.”

“विसरले कसले! पासवर्ड बरोबर, सहा आकडे बरोबर. तीस सेकंदांच्या आत.”

“मग?”

“मग काय. नाव नाही राहिलं यादीत.”

मृण्मयी हसली नाही. “सरावले म्हण की आकड्यांना,” एवढंच म्हणून ती जागेवर गेली.

रोज साडेदहा. रोज तीनदा. चौथ्यांदा कधीच नाही. शनिवारी नोंद तयार करताना अरविंदला सेठजींचा नवा रकाना दिसला: नाकारलेले प्रयत्न. साहेबांच्या नावापुढे अठरा. हे इंदूरला गेलं की सेठजी मित्रांना वाचून दाखवणार, आणि सगळे हसणार. यापेक्षा गोड घास अरविंदला जन्मात मिळाला नसता. त्यानं तो आकडा बराच वेळ बघितला. मग ती ओळ काढली आणि बाकीची नोंद पाठवून दिली.

सोमवारी साडेदहाला दोन मिनिटं असताना तो खुर्चीवरून उठला. आतल्या खोलीत कुणी कपडे बदलत असावं तसा पडद्याकडे पाठ करून खिडकीशी गेला, आणि पावणेअकरा होईपर्यंत खालच्या रिक्षा बघत उभा राहिला.