दोन मराठी

चंदन सुताराने पोरीला शाळेच्या बाकावर बसवलं आणि तिच्या वेणीवरचा भुसा झटकला. त्याचा हिशोब सरळ होता : सुरुची मराठी शाळेत तिसरीला लागली, की घरात कागद वाचणारं माणूस तयार. गोरखपूर सोडून चार वर्षं झाली तरी त्याची स्वतःची मराठी ‘कितीला’च्या पुढे सरकली नव्हती.

चाळीची मालकीण रखमाबाई सोबत आली होती, ती मिरवायला. गोडदेव गावातल्या चाळीच्या ओट्यावर कोळंबी सोलता सोलता तिनेच या पोरीला बोलतं केलं होतं. तिचा सख्खा नातू हृतिक राही मीरा रोडला, पूनम सागर वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये. तो आजीशी हिंदीतच बोले.

दादरहून मीरा रोडला राहायला आलेल्या, तिसरीच्या वर्गशिक्षिका मनोरमाबाईंनी सुरुचीपुढे चित्र धरलं.

“घागरीत काय आहे, बाळ?”

“पानी हाय.”

“पाणी. पुन्हा म्हण.”

“पानी. मना ठाव हाय.”

बाई चंदनकडे पाहून हसल्या. “ही तुमच्या हिंदीची कृपा. सगळे ‘ण’ पळवलेत हिने.”

“मॅडम, घर में तो भोजपुरी है,” चंदन गडबडला. “मराठी तो आजी ने सिखाया.”

सुरुचीने अभिमानाने रखमाबाईकडे बोट दाखवलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला.

“तसं नाही आजी, तुमचं बोलणं गोडच. पण पेपरात चालत नाही हो. दिवाळीपर्यंत सुधारली तर तिसरी, नाहीतर पहिलीत बसवावं लागेल. तोवर तुम्ही तिच्याशी हिंदीतच बोला. एका डोक्यात दोन मराठी नकोत.”

नऊ वर्षांची पोर, पहिलीत. रखमाबाईने पदर सारखा केला.

“बरं,” ती म्हणाली.

फाटकाबाहेर सुरुचीने तिचा हात ओढला. “आजी, घरा चल. मना भूक लागली.”

“चलो बेटा. क्या खायेगी?”

सुरुचीने मागे वळून पाहिलं. आजी कुणाशी बोलते, तेच तिला कळेना.

दिवाळीनंतर सुरुची तिसरीतच राहिली. ‘ण’ असा ठणठणीत, की चंदन चार लोकांत तिला ‘पाणी’ म्हणायला लावी. बाईंच्या वर्गाचा पट भरला. चंदनची पत्रं, नोटिसा पोरगी घडाघडा वाचू लागली. एकदा रखमाबाईच्या तोंडून ‘न्हाय’ निसटलं, तर तिनेच हसून सांगितलं, “नाही म्हणायचं, आजी.”

रखमाबाईची आगरी बोली आता परसातल्या कोंबड्यांपुरती उरली आहे. त्या चुका काढत नाहीत.