केशवरावांनी ठासलेला बार

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे, मित्रांनो, आणि मी भरलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याशिवाय ही गोष्ट कुणालाच माहीत नाही.

माझी नळी टहरौलीच्या एका लोहाराने घडवली. दस्ता शिसवीचा. मी लढाईत गाजले असे घरचे लोक पाहुण्यांना सांगतात आणि मी निमूट ऐकून घेते. खरे तर हरभऱ्यात नीलगायी शिरल्या की हवेत बार काढायचा, एवढीच माझी मर्दुमकी. पुढे शेत विकले गेले आणि मी झाशीत, खंडेराव गेटजवळच्या घरात आले. तेव्हापासून मला एकच काम उरले. खंडेनवमीला पाटावर बसायचे, हळदकुंकू लावून घ्यायचे, झेंडूची माळ मिरवायची. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला माझे धनी केशवराव मला सीमोल्लंघनाला नेत आणि गावाबाहेर एक बार काढत.

तो बार ते आदल्या दिवशी, पूजेआधीच भरून ठेवत. दारू, चिंधी, छर्रे, सगळे गजाने घट्ट ठासत. सहा वर्षांपूर्वी त्यांनी असाच बार ठासला. दसऱ्याच्या सकाळी ते अंघोळीला गेले आणि न्हाणीघरातच कोसळले. घरात सुतक आले. कुणीतरी मला धोतरात गुंडाळून कपाटात ठेवले. माझ्यासारखीला उघडून बघायची सोय नसते. पोटात काही आहे की नाही, हे नळीत गज सोडल्यावरच कळते. तो गज कुणीच सोडला नाही. मात्र दर खंडेनवमीला माळ घातली.

माझे लायसन्स केशवरावांच्या नावावर होते. धनी गेला की हत्यार पोलीस थाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचे, बाकीच्या वारसांची संमती आणायची, मग नवे नाव लागायचे. त्यांचा मुलगा विद्याधर रेल्वेच्या कचेरीत कारकून आहे. दुसऱ्यांची कागदपत्रे तो चुटकीसरशी मार्गी लावतो. माझी वेळ आली की म्हणायचा, "पूजेची वस्तू आहे, तिला कसलं लायसन्स!"

दुकानात नेले असते तर तिथल्या मिस्त्रीने आधी गजच घातला असता. हे मला कळत होते. पण थाण्याच्या मालखान्यात, जप्त-जमा हत्यारांच्या ढिगात गंजून पडायची मलाही धास्ती वाटायची. विद्याधर टाळाटाळ करायचा तेव्हा मी मनातून खूश व्हायचे. मला माळ हवी होती, मित्रांनो. हा माझा दोष आहे.

निवडणूक आली की परवान्याची हत्यारे थाण्यात जमा करून घेतात; आधीच्या खेपांना माझे नाव सुटले होते. गेल्या आठवड्यात निवडणूक जाहीर झाली आणि हातात हत्यारांची यादी घेऊन शिपाई दारात आला.

"केशवराव जी का असलहा जमा नहीं हुआ?"

"वो तो गुज़र गए जी. छह साल हुए."

"और असलहा?"

विद्याधरच्या तोंडून निघून गेले, "ख़राब पड़ा है. चलता ही नहीं."

"तो सोमवार तक थाने में दिखा दीजिए."

आता ती थाप खरी करून दाखवणे भाग होते. त्याची मुलगी आभा वकिली शिकते. तिने त्या दिवसापासून त्याचा पिच्छा पुरवला. "बाबा, जमा कर देते हैं ना. देर झाली म्हणून अर्ज मी लिहिते."

"एकदा दिली की परत मिळायची नाही. आजोबांची आहे ती."

"और आप जेल गए तो?"

आज सोमवार. सकाळीच त्याने मला पोत्यात गुंडाळले आणि ओरछा गेटपाशी हर्षितच्या वेल्डिंगच्या दुकानात आणले. मागोमाग अर्ज घेऊन आभाही आली.

"भैया, टोपी बसते ना, तो छेद बंद कर दो. फिर नली का मुँह. बंदूक बेकार दिखनी चाहिए," विद्याधर म्हणाला. घोडा पडला की टोपीची ठिणगी त्याच छेदातून आतल्या दारूपर्यंत पोचते.

हर्षितने मला शिकंज्यात आडवी धरली. "ख़ाली है ना, बाबूजी?"

"अरे, छह साल से अलमारी में है. पूजा में रखते हैं."

हर्षितने एवढ्यावर समाधान मानले. मला ओरडावेसे वाटते, पण आम्हाला एकच आवाज दिलेला आहे आणि तो निघाला की सगळे संपते. आभा माझ्या नळीसमोर येऊन उभी राहिली आहे. "बाबा, अब भी चलिए. थाना दो मिनिट पे है. मैं यहाँ से नहीं हटूँगी."

"बाजूला हो गं," विद्याधर काळजीने म्हणतो, "ठिणगी उडेल डोळ्यात."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला माळ घालू नका. जाणत्या माणसाला बोलावून आधी नळी तपासून घ्या. मग थाण्याच्या रांगेत उभे राहा, बोलणी खा, अर्ज लिहा, हवे तर तिला कायमची सोडून द्या. मालखान्यात गंजलेल्या बंदुकीने कुणाच्या लेकीचा जीव घेतलेला मी ऐकलेला नाही.

हर्षितने काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आहे. माझे लोखंड तापू लागले आहे. आभा अजून समोरच उभी आहे.