घरचे दोन कान

कानाच्या डॉक्टरांना संशोधनाचा मोठा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा ती बातमी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, ताईंच्या, कानाशी तीनदा ओरडावी लागली. डॉक्टरांनी बनवलेलं कानाचं मशीन हजारो लोक वापरत होते. ताईंचं मशीन मात्र कपाटात पडून होतं. ताईंचं म्हणणं असं, की मला सगळं ऐकू येतं, हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात.

समारंभाला ताई पहिल्या रांगेत बसल्या. शेजारच्या खुर्चीत आरोग्यविषयक लेखनाचं बक्षीस मिळालेली पत्रकार होती. डॉक्टर बोलायला उभे राहिले. ते काहीतरी म्हणाले आणि अख्खं सभागृह हसलं, माना वळवून ताईंकडे बघू लागलं. ताईही हसल्या, सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या, आणि मग पत्रकारबाईंना कोपराने ढोसून विचारलं, की हा काय म्हणाला?

पत्रकारबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "बातम्या देणं हाच माझा धंदा आहे, ताई. पण ही बातमी तुम्ही स्वतःच ऐका."

घरी जाताना गाडीत ताईंनी भावाला खोदून खोदून विचारलं. एरवी बहिणीचा शब्द न मोडणारे डॉक्टर त्या दिवशी मात्र बधले नाहीत. भाषणाचं रेकॉर्डिंग आहे, एवढंच त्यांनी मोठ्याने सांगितलं.

ताईंनी रात्र तळमळून काढली आणि सकाळी चहाच्या आधीच मशीन कानात चढवलं. डॉक्टरांनी फोन पुढे सरकवला.

"एवढ्या लोकांच्या कानांवर इलाज केला," फोनमधला भाऊ म्हणत होता, "पण घरच्या दोन कानांपुढे हात टेकले." हशा उसळला. ताईंच्या भुवया चढल्या. हशा ओसरल्यावर भावाचा आवाज जरा खाली आला. "आई गेली तेव्हा मी तान्हा होतो. मी नुसती कूस बदलली तरी ताईला जाग यायची. आता मी बोललेलं तिला ऐकू यावं, एवढीच इच्छा आहे."

ताई पदराने नाक पुसून म्हणाल्या, "हे चारचौघांत सांगायची काय गरज होती?"

"घरी सांगितलं होतं. बऱ्याचदा."

ताई उठल्या, स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या आणि कपाळाला आठ्या घालून वळल्या.

"अरे, हा नळ कधीपासून गळतोय?"

"वर्ष झालं," डॉक्टर म्हणाले.