सातावर बाद होणारा पत्ता

मी एक जुना पुठ्ठ्याचा पत्ता आहे, क्रिकेटच्या खेळातला. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही, कारण आमचा खेळ बाजारात कधी आलाच नाही. तो पनवेलला कमळाकरभाऊंच्या ओटीवर जन्मला आणि त्या ओटीची पायरी फारशी उतरला नाही.

भाऊ कचेरीत कारकून होते. आमच्या संघाची धावांची वही तेच लिहीत. पावसाळ्यात खाडीकडच्या मैदानात गुडघाभर चिखल व्हायचा, चार महिने खेळ बंद. भाऊंना ते सोसवेना. म्हणून १९५२ साली त्यांनी चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून प्रत्येक खेळाडूचा एक पत्ता केला. वहीतले आकडे पाहून त्यावर दोनापासून बारापर्यंत अकरा ओळी लिहिल्या. सापशिडीचे दोन फासे टाकायचे आणि बेरीज येईल ती ओळ वाचायची. कुठे चौकार, कुठे एक धाव, कुठे बाद.

मी बुधाजीचा पत्ता. दोन फाशांची बेरीज सर्वांत जास्त वेळा सात येते, हवं तर घरी टाकून पाहा. माझ्या सातासमोर लिहिलं होतं ‘बाद’. सहासमोर बाद. आठासमोरही बाद. भाऊंनी लबाडी केली नव्हती. बुधाजीची सरासरीच चार धावांची, त्याला ते तरी काय करणार?

बुधाजी खाडीपलीकडच्या गावचा, मिठागरात राबणारा. बॅट धरली की तो मीठ ओढायला निघाल्यासारखा दिसे. पण त्याला फलंदाजाच्या उजव्या अंगाला, कव्हरला उभा करा आणि मग बघा. मिठागराच्या बांधाला भोक पडलं की माणूस विचार करत बसत नाही, आधी आडवा होतो. बुधाजी चेंडूला तसाच आडवा व्हायचा. अनवाणी पायांनी, खारानं भेगाळलेल्या हातांनी. त्याच्या बाजूनं चेंडू सहसा पुढे जात नसे.

हे सगळं माझ्यावर कुठेच नव्हतं. अडवलेल्या धावा वहीत लिहायची रीत नाही, आणि वहीत नाही ते पत्त्यावर नाही. ओटीवर दोघं पत्ते वाटून खेळत, आणि मी ज्याच्या वाट्याला येई त्याचा संघ हटकून हरायचा. पाहुणे मला बघून हसायचे, ‘हा नको बुवा’ म्हणून बाजूला सरकवायचे. मला फार वाईट वाटायचं.

दरवर्षी मे महिन्यात उरणच्या संघाशी मोठा सामना असे. ५३ साली भाऊंच्या मनात आलं, संघ निवडायचा तर पत्त्यांवरच निवडू, म्हणजे वशिल्याचा आरोप नको. त्यांनी ओटीवर वीस सामने खेळून पाहिले आणि बुधाजीला काढून आनंदाला घेतलं. आनंदाची सरासरी पंधरा होती.

बुधाजी निवड ऐकायला मुद्दाम होडीनं आला होता. भाऊंनी मला त्याच्यासमोर धरलं. “बघ, हे तुझेच आकडे.”

बुधाजीनं मला उलटंपालटं केलं. मागची बाजू कोरी होती. “आमी बॉल आडवतो, त्याचा यात कायच नाय?”

“ते कुठे लिहितात, बुधाजी?”

“नाय लिवत तर नाय,” तो म्हणाला आणि मला हळूच फाशांशेजारी ठेवून गेला.

आम्ही तो सामना हरलो. पुढच्या दिवाळीनंतर बुधाजी उरणकडच्या मिठागरात कामाला लागला, आणि तिकडच्या संघानं त्याला उचललं. ५४ च्या मे महिन्यात तो आमच्याच समोर कव्हरला उभा होता. आम्ही तीन धावांनी हरलो.

त्या रविवारी दुपारी भाऊ घरी आले ते वही आपटूनच. “नशीबच फुटकं. बुधाजी तर आजही शून्यावर गेला.”

त्यांच्या पत्नी दमयंतीबाई तांदूळ निवडत होत्या. फासे टाकायला भाऊंसमोर बहुतेक वेळा त्याच बसत. आपटलेल्या वहीतलं आजचं पान पाहत त्या म्हणाल्या, “अहो, मग आपले चौकार गेले कुठे?”

बाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि जुनी वही मागितली. मीठ ओढायच्या दिवसांत बुधाजी कधी यायचा, कधी नाही, त्यामुळे हिशेब सोपा होता. तो असताना समोरच्या संघानं सरासरी चौऱ्याहत्तर धावा केल्या होत्या. तो नसताना सत्त्याण्णव.

“आनंदा बॅटनं अकरा जास्त देतो,” बाई म्हणाल्या, “पण बुधाजी तेवीस वाचवत होता. आकडे तुमच्या वहीतच होते की.”

भाऊंनी वही ओढून ते आकडे पुन्हा मांडून पाहिले. मग त्यांनी दौत घेतली आणि माझ्या कोऱ्या पाठीवर लिहिलं: ‘हा मैदानात असेल तर समोरच्या पत्त्यावरचा पाचाचा आणि नवाचा चौकार धरू नये.’

दुसऱ्या दिवशी मला खिशात घालून ते उरणला गेले. बुधाजी मिठाच्या ढिगाशेजारी उभा होता. भाऊंनी त्याला माझी पाठ वाचून दाखवली. “चूक माझी झाली,” ते म्हणाले. “परत ये. पहिलं नाव तुझं लिहीन.”

बुधाजीनं हात पंच्याला पुसून मला घेतलं. ती अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, तरी त्यांवरून त्यानं बोट फिरवलं.

“भाऊ, गेल्या साली बोलला असता तर पोहत आलो असतो. आता यांना सबूद दिलाय.” मग मला परत देत तो म्हणाला, “पत्त्यात तरी मना तुमच्याच संघात ऱ्हाऊ द्या.”

त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात भाऊंनी ओटीवर पहिला पत्ता मलाच उचलला. सात पडायचे, मी बाद व्हायचो, आणि कुणी हसत नसे. मैदानात मात्र बुधाजी सात वर्षं आमच्याविरुद्ध चेंडू अडवत राहिला.

आता भाऊ नाहीत. फासे हरवले, बाकीच्या पत्त्यांना वाळवी लागली. मी एका बिस्किटाच्या डब्यात आहे. मित्रांनो, जुनी वस्तू दिसली की टाकण्याआधी तिची पाठ जरूर वाचा. आणि तुमच्या घरात, वर्गात कुणी बुधाजी असेल, तर त्याच्या पाठीवर काय लिहायचं ते यंदाच लिहा. माझ्या पाठीवरची शाई अजून ठळक आहे, पण ती एक वर्ष उशिरा आली.