रांगेचं शेपूट

माझ्या जावेच्या कुठल्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येत असेल, तर तिच्या "होईल गं ठीक"चा. पाव करपला, होईल गं ठीक. डुकरांना रोग लागला, होईल गं ठीक. आमचे दोघींचे नवरे ऑस्ट्रियात, लिंत्सला ट्रक चालवायला गेले ते एका उन्हाळ्यापुरते, आणि आता पोरं त्यांना फोनवरच्या आवाजावरून ओळखतात. बस सुटली तेव्हाही मिलुंका हात हलवत हेच म्हणाली होती. एका अंगणात दोन घरं, मधे सासरे. वीस वर्षं मी हे ऐकते आहे.

त्या मे महिन्यात सावा नदी बांधाच्या काठाला येऊन टेकली, तेव्हा वाटलं, आता तरी हिचं तोंड बंद होईल. झालं उलटंच. गावानं तिलाच पुढे केलं.

त्याला कारण नगरपालिकेचा माणूस. सकाळी कर्णा घेऊन आला आणि म्हणाला, "घाबरण्याचं काही कारण नाही." आमच्या भागात हे वाक्य ऐकलं की लोक आधी गाई सोडतात. त्याचं बोलणं संपेपर्यंत आमच्या अर्ध्या टोपोलिक गावानं गाद्या गाडीवर बांधल्या होत्या. तेवढ्यात मिलुंका वाळूच्या ढिगावर चढली.

"कारण आहे!" ती ओरडली. "भरपूर आहे! मीही घाबरलेय. पण घाबरायला हात लागत नाहीत, बाबांनो. तेव्हा घाबरत घाबरत गोण्या धरा!"

लोक हसले. हसले म्हणून थांबले, आणि थांबले म्हणून गाडीतून उतरले.

लग्नात कोलो नाचायला रांग धरतो तशी तिनं माणसं लावली. कोलोत बघणारे सगळे पहिल्याकडे बघतात, पण नाचणाऱ्याला माहीत असतं की शेवटचं माणूस कच्चं असलं तर अख्खी रांग फरफटते. ती स्वतः वाळूपाशी पहिली उभी राहिली. शेपटाला, जिथे गोणी बांधावर बसते, तिथे तिनं मला लावलं.

"मीच का?" मी विचारलं.

"तू चिडलीस की जागची हलत नाहीस, स्पोमेंका."

हे कौतुक होतं की टोमणा, ते विचारायला वेळ नव्हता. म्हातारी माणसं आणि पोरं ट्रकनं टेकडीवरच्या शाळेत पाठवली. आमचे सासरे, तिहोमिरबाबा, गुडघ्यांनी पार अधू. त्यांना मी स्वतः ट्रकात बसवलं, मांडीवर पिशवी दिली, वर "उतरू नका" असा दम दिला. जलखात्याचा इंजिनिअर बांधावरून चक्कर मारून, चार गोष्टी सांगून पुढच्या गावी गेला. दुपारपर्यंत बांधाखालून झिरपलेलं आणि पावसाचं मिळून आमच्या गल्लीत मांडीभर पाणी झालं होतं. पण ते साचलेलं पाणी. खरी नदी अजून बांधापलीकडे होती.

पाळीपाळीनं पाव आणि डुकराची खारवलेली चरबी खात होतो. मी आणि मिलुंका एकाच गोणीवर टेकलो होतो. तिचा फोन वाजला. हात चिखलाचे, म्हणून तिनं कोपरानं तो मोठ्या आवाजावर लावला.

"मिलुंका, साखर कुठे ठेवलीय?" बाबांचा आवाज.

"बाबा, शाळेत कॉफी देतील की."

"शाळेतली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. मी माझी करून घेतोय. साखर सांग."

मिलुंकाच्या हातातला पाव तसाच राहिला. "तुम्ही कुठे आहात?"

"घरी. आणखी कुठे असणार? ट्रक वळणावर हळू झाला, मी उतरलो. डुकरांना सोडायला नको? आणि हे बघ, स्वयंपाकघरात पाणी आलंय. कुणीतरी येऊन पुसा."

शेजारचा बोगोल्युब ट्रॅक्टर घेऊन निघाला. गल्लीच्या तोंडाशीच इंजिनात पाणी गेलं, आणि पलीकडे ओढा असा फुगलेला की पोहून जाणंही शक्य नव्हतं. तो छातीपर्यंत भिजून परत आला. अग्निशमनवाल्यांच्या सगळ्या होड्या वरच्या शहरात होत्या. "पाठवतो," म्हणाले, "मोकळी झाली की." म्हणजे आमचा म्हातारा आणि सावा नदी यांच्यामध्ये आता फक्त हा बांध. बांध गेला तर आमचं घर सगळ्यात आधी जाणार, नदीच्या वाटेत पहिलं तेच आहे.

मी मिलुंकाकडे बघितलं. तिनं तोंड उघडलं. मी वाट बघत होते, आता म्हणेल, आता म्हणेल. ती म्हणाली नाही. ती मटकन चिखलात बसली. वीस वर्षं मी तिच्या गप्प होण्याची वाट पाहिली होती, आणि आता ती खरंच गप्प झाली होती. देवा, हिनं काहीतरी बोलावं, एवढंच मला वाटत होतं.

रांगेनं तिला बसताना पाहिलं. गोण्या थांबल्या. विदोये खाटकानं हातातली गोणी टाकली आणि ओरडला, "वरचा बांध फुटलाय म्हणतात! आपापलं बघा रे आता!" त्याच वेळी माझ्या पायाखालून, बांधाच्या आपल्या बाजूनं कुणीतरी किंचाळलं. बांधाच्या बुडाशी जमिनीतून झरा फुटला होता. बादलीच्या तोंडाएवढा, उकळल्यासारखा, आणि पाणी तांबडं गढूळ. बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर येत होतं.

दहा-बारा जण निघालेच. मला धीर द्यायला येत नाही. मला फक्त भांडता येतं.

"विदोये!" मी म्हटलं. "जायचंय ना? जा. पण माझ्या समोरून जा, म्हणजे तोंड नीट लक्षात राहील. तिहोमिर खाली घरात आहे. बांध फुटला तर तो मरेल. टिकेल की नाही, मला ठाऊक नाही, मी मिलुंका नाही. पण आज जो जाईल, त्याला येत्या नाताळात डुक्कर कापायला कोण अंगणात घेतं, तेच बघते मी!"

"तुझ्या जिभेला हाड नाही, बाई!"

"तुझ्या पाठीला आहे ना? मग उचल!"

त्यानं मला एक शिवी हासडली आणि गोणी उचलली. एक परतला म्हणून दुसरा परतला. बाकीचे गेले. जाऊ दे.

आता सगळे त्या झऱ्यावर गोण्या फेकायला धावले. मलाही तेच करावंसं वाटत होतं, दाबून टाकावं, वर उभं राहावं. पण तो इंजिनिअर सकाळी बोटं नाचवून एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगून गेला होता.

"त्याच्यावर टाकू नका!" मी ओरडले. "इथे दाबलं तर शेजारी फुटेल. भोवती रचा. विहिरीसारखं गोल. पाणी येऊ द्या, माती येता कामा नये!"

"उघडं सोडायचं?" बोगोल्युबचा विश्वास बसेना.

"उघडंच! गोल धरा!"

समोर भोक दिसतंय आणि ते बुजवायचं नाही, यासारखी वाईट गोष्ट नाही. बायका रडत गोण्या रचत होत्या. गोण्यांची कड गुडघ्यापर्यंत आली, पाणी आत चढत होतं, आणि अजून गढूळच होतं. तेवढ्यात मिलुंकाचा फोन पुन्हा वाजला. तिनं तो माझ्याकडे वर केला.

"स्पोमेंका का? बरं झालं," बाबा म्हणाले. आवाजातली मस्ती गेली होती. "ती मला गोड बोलते. तू खरं सांग, पोरी. टिकतंय का?"

झरा तांबडा. नदी काठाला. खोटं बोलले असते तर त्यांना कळलं असतं.

"माहीत नाही, बाबा. पाणी कुठवर आलंय?"

"खाटेवर बसलोय. खाट भिजली."

"माळ्यावर चढा."

"माझे गुडघे गं..."

"ईस्टरच्या आधी माळ्यावरची आलुबुखाराची दारू कुणी संपवली? मांजरानं?"

पलीकडे खाट करकरली. मग, "तुला माहीत होतं?"

"सगळं माहीत असतं मला. फोन खिशात ठेवा, शिडी धरा. एक पायरी चढा आणि मला एक शिवी द्या. शिवी ऐकू आली नाही तर मी समजेन तुम्ही पडलात."

तिहोमिरबाबांना शिव्यांची कधीच टंचाई नव्हती. पहिली आली ती साधी. दुसरी माझ्या माहेरावर. फोन मी बांधावरच्या दगडावर ठेवला होता, सगळ्यांना ऐकू जात होतं. तिसऱ्या शिवीला विदोये हसला. चौथीला रांगेत कुणीतरी म्हणालं, "ही नवीन आहे." हात पुन्हा चालायला लागले होते. माणसं गोण्या देत होती आणि कान फोनकडे लावून होती.

मग काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला. आणि काहीच नाही.

रांग थिजली. कुणी कुणाकडे बघेना.

"थांबायचं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "कुणी थांबायचं नाही. दे इकडे."

माझ्या हातात गोणी पडली. देणारी मिलुंका होती. कधी उठली, मला कळलं नाही. ती पहिल्या जागी गेली नव्हती, माझ्या शेजारी येऊन उभी होती, डोळे लाल, आणि गोण्या देत होती. मी ती रचली. दुसरी रचली. फोन गप्प. तिसरी रचली.

"तुझ्या आजोबानं," फोनमधून धापा टाकत आवाज आला, "ज्या गाढविणीशी लग्न केलं..."

पुढचं मी लिहीत नाही. "चप्पल पडली," बाबा म्हणाले. "वर आलोय. इथे थंडी आहे." विदोये खाटीक गोणीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला, आणि कुणीही त्याला हसलं नाही.

कड कंबरेपर्यंत आली तेव्हा झऱ्याचा रंग बदलायला लागला. आधी आम्ही कुणी बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून. मग बोगोल्युबनं ओंजळीत पाणी घेतलं आणि सगळ्यांना दाखवत फिरला. त्याच्या तळहातावरच्या रेषा दिसत होत्या. झरा वाहतच होता, पण माती आणत नव्हता.

ऊन कलल्यावर होडी आली. माळ्याच्या खिडकीतून बाबांना काढलं. ते अनवाणी होते आणि बगलेत रिकामी बाटली होती. ती फेकायला तयार नव्हते, पुरावा म्हणून मी दाखवीन अशी त्यांना भीती होती म्हणे.

होडी टेकडीकडे वळेपर्यंत मी आणि मिलुंका बघत उभ्या होतो. मग तिनं विचारलं, "ते चढतील हे तुला माहीत होतं?"

"अजिबात नाही."

"मलाही नसतं."

"काय नसतं?"

"काहीच. कधीच." ती हातावरचा चिखल खरवडत होती. "लिंत्सची बस सुटली, त्या दिवशी मी डुकरांच्या खोपटामागे जाऊन ओकले होते. मग तोंड धुऊन तुमच्यासाठी सूप केलं."

मला तिचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की काय करावं कळेना. वीस वर्षं आम्ही एका नळाचं पाणी भरतो. "मग म्हणतेस कशाला, मेले?"

"एकदा म्हटलं की मग तसं करावं लागतं ना," ती म्हणाली.

बांधापलीकडे पाणी तसूभरही उतरलं नव्हतं. मागे रांगेतले लोक बसायला लागले होते. दमलेले, भिजलेले, आणि पुढे काय ते कुणालाच ठाऊक नाही. विदोयेनं तिकडूनच हाक मारली, "बायांनो, टिकेल का गं?"

मिलुंका माझ्याकडे बघत राहिली. तिच्यात आता तेवढं उरलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

"टिकेल," मी म्हटलं. "उठा. गोण्या द्या."